प्रतापनगरात कीबोर्ड फितूर!

आमच्या ताईच्या घरातली गोष्ट आहे, म्हणून जरा हळू आवाजात सांगतो. दुसऱ्या कोणाच्या घरातली असती तर बर्डीवर उभा राहून सांगितली असती.

तान्ह्या पोळ्याचा दिवस. खाली गल्लीतली लेकरं लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा मागत फिरत होती आणि ताई सुट्या पैशांची वाटी घेऊन दारात उभी होती. मला विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट छापून हवं होतं. (हाव, मी अजून छापतो. मोबाइलची बॅटरी संपली म्हणून तिकीट संपत नाही.) "वर पोट्ट्याचा कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर काढून घे," ताई म्हणाली. भाचा मारबतीची मिरवणूक पाहायला महालात गेलेला. फोन लावला, तर मागे ढोलताशे आणि 'घेऊन जा गे मारबत'चा गजर. त्या गोंगाटात त्यानं बोंबलून पासवर्ड सांगितला. अर्ध्या इतवारीनं ऐकला असेल. तर्रीची पाच इंग्रजी अक्षरं, टी-ए-आर-आर-आय, आणि पुढं काही आकडे. नागपूरच्या पोट्ट्याला दुसरं काय सुचणार?

चष्मा लावला, एकेक बटण पाहून दाबलं. चूक. कॅप्स लॉक तपासला, पुन्हा दाबलं. चूक. ताईला हाक मारली; तिनं गजाननबाबांचं नाव घेऊन दाबलं. बाबांचंही काही चाललं नाही. पाचव्या खेपेला यंत्रानंच सांगितलं की आता थोडं थांबा. चोराला सांगतात तसं. सख्ख्या मामाला!

संध्याकाळी पोट्टं घामेजून घरी आलं आणि ऐकून हसायलाच लागलं.

"मामा, तुम्ही बटणावरचं पाहून टाइप केलं काय?"

"मग कायचं पाहून करू?"

"बटणावरचं खोटं आहे ना!"

मंडळी, हे वाक्य पुन्हा वाचा. बटणावरचं खोटं आहे. म्हणजे घरात टेबलावर एक वस्तू आहे, तिच्यावर ठसठशीत अक्षरं छापलेली आहेत आणि त्यातलं एकही खरं बोलत नाही. एकही नाही म्हणणं अन्याय होईल. ए आणि एम तेवढे प्रामाणिक राहिले होते. त्यांचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. मी टी दाबला की आत वाय जात होता, आर दाबला की पी, आणि आय दाबला की सी. आम्ही पाच वेळा मनोभावे 'तर्री' लिहिली आणि यंत्राला पाचही वेळा 'याप्पक' मिळालं. पडद्यावर मात्र सारखेच काळे ठिपके. ठिपक्याला काय, तर्रीही सारखी आणि याप्पकही सारखंच.

या व्यसनाचं नाव ड्वोराक. आडनाव आहे. ऑगस्ट ड्वोराक हे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांनी आणि त्यांचे मेहुणे विल्यम डीली यांनी मिळून अक्षरांची नवी मांडणी बसवली आणि १९३६ साली तिचं पेटंट घेतलं. मेहुण्यानं मेहुण्याला असल्या भरीला पाडलं, हा भाग मला फारसा नवलाचा वाटला नाही. म्हणणं असं की आपली नेहमीची मांडणी, ती क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वायवाली, बोटांना उगाच वरखाली पळवते. मग सगळे स्वर डाव्या हाताखाली मधल्या ओळीत बसवा आणि उजव्या हाताखाली डी, एच, टी, एन, एस. इंग्रजी लिहिताना बोटं जागची फारशी हलतच नाहीत म्हणे. दुपारच्या सावजीनंतर आमचीही हलत नाहीत. त्यासाठी पेटंट लागत नाही.

बरं, जुन्या मांडणीचं खानदान तरी कुठं धड आहे? मिलवॉकीच्या शोल्स नावाच्या गृहस्थानं ती जुळवली, १८७४ मध्ये रेमिंग्टनच्या कारखान्यातून यंत्र बाजारात आलं आणि तेव्हापासून तिच्याबद्दल लोक काय वाट्टेल ते बोलतात. टायपिस्टचा हात मुद्दाम मंद करायला अशी केली, ही त्यातली सगळ्यात लाडकी अफवा. पुरावा धड नाही, पण सांगताना मजा येते म्हणून टिकली आहे. एक गोष्ट मात्र बसल्या जागी करून पाहा: इंग्रजी 'टाइपरायटर' या शब्दाची सगळी अक्षरं वरच्या एकाच ओळीत सापडतात. योगायोग असेल, दुकानदारीही असेल. आणि ड्वोराकबुवांच्या बाजूनं जे जोरदार निकाल पुढं केले जातात, ते अमेरिकी नौदलातल्या चाचण्यांचे. त्या चाचण्यांत खुद्द ड्वोराकच होते, असं १९९० मध्ये लीबोविट्झ आणि मार्गोलिस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी लेख लिहून चव्हाट्यावर आणलं. पोरीच्या बापानंच पत्रिका जुळवायची आणि छत्तीस गुण काढायचे! हे मी भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही कायले जुनं उकरून राहिले? माझं मनगट दुखत नाही आता, बस." पंचविशीत मनगट दुखतं, हीच मुळात वेगळी चर्चा आहे.

तर स्वतःपुरता कीबोर्ड बदलला, इथवर मी सोडून दिलं असतं. पोरं केस रंगवतात, गाडीचा सायलेन्सर बदलतात, होतं वयात. पण याला तो लॉगिनच्या पडद्यावरही पाहिजे! घरात शिरायच्या आधी, उंबरठ्याच्या बाहेर, पासवर्ड टाकतानासुद्धा याच्याच मांडणीनं टाकला पाहिजे. आणि असा तो एकटा नाही. रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर यांचं टोळकं जमतं. मी एकदा मुद्दाम शेजारच्या बाकावर प्लेट घेऊन बसलो. माणसं लग्नाबद्दल बोलतात, भावाबद्दल बोलतात, वेगळ्या विदर्भाबद्दल तर बोलतातच. हे बोलत होते 'तुझ्या लॉगिनला कोणता आहे बे?' ड्वोराकवाला कोलमॅकवाल्याला हसतो. कोलमॅक ही २००६ सालची, म्हणजे आमच्या मानानं कालची पोर. तिनं जुन्या मांडणीतली बरीच बटणं जागच्या जागी ठेवली, म्हणून कट्टर मंडळी तिला मिळमिळीत म्हणतात. तिसऱ्यानं तर आपली स्वतःचीच मांडणी केलेली. मायक्रोसॉफ्टनं त्यासाठी एक फुकट साधन देऊन ठेवलंय, आणि लिनक्सवर साधी मजकुराची फाइल लिहिली की झालं. त्या पोट्ट्याची तक्रार अशी की मराठीच्या सरकारी मांडणीत ळ काढायला शिफ्ट दाबावी लागते. निम्मा वऱ्हाड केळीला केयी म्हणतो, ळ तोंडातून निघत नाही, आणि या गड्यानं ळला करंगळीखाली मानाचं आसन दिलं! तर्री थंड होऊन वर तेलाची साय धरली तरी ही चर्चा संपेना.

चौथ्यानं तर माझ्या घशात पोहा अडकवला. लिनक्सच्या यादीत मराठीसाठी जे पर्याय आहेत, त्यात एक आहे 'मराठी कागापा'. मला वाटलं क, ग, प असेल, मराठी बाराखडीचं काही लाडाचं नाव. चौकशी केली, तर कागापा म्हणजे कन्नड गणक परिषद! तिकडं बेळगावसाठी पिढ्या खपल्या आणि इकडं आमची मराठी कन्नडच्या मांडणीवर गुपचूप नांदून राहिली. हे कोणत्या अधिवेशनात कोणी काढलं नाही, हे नशीब. हिवाळ्यात विधानभवनापाशी नुसतं कुजबुजलो तरी पुरे आहे.

आता हे लॉगिनचं प्रकरण एवढं अवघड का, ते मी भाच्याकडून समजून घेतलं. बदनामी करायची तर माहिती पक्की पाहिजे. पडद्यावर ठिपके टाकताना यंत्राला तुम्ही कोण ते ठाऊकच नसतं. ठाऊक नाही म्हणूनच तर विचारतं. तुमच्या आवडीनिवडी आत, तुमच्या खात्यात, कपाटात ठेवलेल्या. आणि तुम्ही अजून फाटकाबाहेर. फाटकावरचा वॉचमन सोसायटीचा असतो, तुमच्या फ्लॅटचा नसतो. त्याला तुमची भाषा शिकवायची तर सोसायटीच्या कमिटीकडून, म्हणजे प्रशासकाच्या हक्कानं, शिकवावी लागते. विंडोजमध्ये त्याची वाट कंट्रोल पॅनेलच्या रिजनमधून, तिथल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमधून जाते: माझ्या सेटिंगची नक्कल स्वागताच्या पडद्यावरही करा, अशी खूण तिथं करायची. मॅकवर लॉगिनच्या खिडकीत कीबोर्डांची यादी दाखवा म्हणून सांगता येतं. उबुंटूसारख्या लिनक्सवर सगळ्या यंत्राची म्हणून कीबोर्डची एक छोटी फाइल असते, तिच्यात नाव बदलायचं. आणि ज्यांनी अख्ख्या डिस्कलाच कुलूप घातलंय, त्यांच्या दाराला दोन फाटकं. पहिलं फाटक यंत्र डोळे चोळत असतानाच लागतं. त्या वेळी मोठा वॉचमन ड्यूटीवरच आलेला नसतो, म्हणून कीबोर्डाची मांडणी एका लहानशा गाठोड्यात आधीच बांधून ठेवावी लागते. गाठोडं बांधायला विसरलात की बसा बाहेर.

विसरणार नाही असा आमचा वंश नाही.

ते सांगण्याआधी अजून एक पराक्रम. माझ्या याप्पक प्रकरणानंतर ताईनं पोट्ट्याला झापलं, की बटणावरचं खोटं आहे तर खरं कर. स्टिकर लाव, काहीही कर. यानं काय केलं? कोरी बटणं मागवली. सगळी काळीभोर, एकावरही अक्षर नाही. खोटं बोलणाऱ्याची जीभच छाटली म्हणा ना. पार्सल उघडलं तेव्हा ताईला वाटलं, छपाई व्हायच्या आधीच पाठवलं, परत कर. पैसे जास्त देऊन अक्षरं कमी घेतली, हे तिला अजून पचलेलं नाही. ती मला फोनवर म्हणाली, "अरे, आपल्याकडं शनिवारी लाइट जातात. अंधारात याला काय फरक पडणार आहे, सांग."

आणि मग तो सोमवार उजाडला. रात्री यंत्रानं आपणहून काहीतरी अपडेट घेतलं, सकाळी लॉगिनचा पडदा नेहमीसारखा आला. साडेनऊला पोट्ट्याची मीटिंग. यानं पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा. चूक. मी तेव्हा तिथंच होतो, चहा घेत, आणि देवाशप्पथ सांगतो, मला आनंद झाला.

झालं होतं असं की वॉचमन रातोरात जुन्या मांडणीवर परतला होता. आणि भाच्याची बोटं ड्वोराकवर चाललेली. बोटांनी तर्रीच लिहिली, यंत्राला मिळालं के-ए-ओ-ओ-जी. काऊग! माझं याप्पक, त्याचं काऊग. घराण्यात दोन नवे शब्द आले. बरं, पासवर्ड तर त्याला तोंडपाठ आहे, मग जुन्या मांडणीनं टाक ना? इथंच तर गंमत आहे. ती मांडणी तो दोन वर्षांत विसरला, आणि बटणं कोरी. टी कुठं आहे हे त्याला आठवेना. संगणकाची पदवी घेतलेला पोरगा हवेत बोट धरून टी शोधत होता. मोबाइलवर चित्र काढून पाहावं, तर मोबाइल ताईनं गॅसचा नंबर लावायला नेलेला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून मोठे बाबा खाली आले.

मोठे बाबा म्हणजे आमच्या भाऊजींचे थोरले बंधू. सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून लागले आणि बरंच वर चढून निवृत्त झाले. त्यांची बोटं रेमिंग्टनवर घडली, महालातल्या एका टायपिंग क्लासमध्ये, जिथं रिबन फाटेपर्यंत नवी मिळत नसे आणि बोट चुकलं तर सर पट्टीनं आठवण करून देत. मराठी तीस, इंग्रजी चाळीस. मिनिटाला शब्द हो. तीस-चाळीस म्हटलं की आमच्या पिढीला आजही क्लासच आठवतो. त्या आकड्यांवर लिपिकाची नोकरी लागत होती, नोकरीवर मुलगी मिळत होती. पुण्याच्या परीक्षा परिषदेचं ते प्रमाणपत्र मोठ्या बाबांनी लग्नाच्या फोटोशेजारी लावलंय, आणि फोटोपेक्षा त्याची चौकट भारी आहे. गोदरेजनं १९५५ मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला घेतले, त्यातला एक त्यांच्या खोलीत अजून आहे. कंपनीनं २००९ मध्ये बनवणं थांबवलं, यांनी तेल देणं थांबवलं नाही.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं.

"ठिपक्यात काय पाहून राहिला बे? नावाच्या रकान्यात टाइप करून पाहा. तिथं ठिपके नसतात."

चहा माझ्या हातातच राहिला. एवढी साधी गोष्ट त्या टोळक्यात कोणाला सुचली नसती. यादीत नाव नसलेल्या माणसासाठी पडद्यावर एक दुवा असतो. तो दाबला की आधी नाव विचारतं, आणि नाव उघड दिसतं. तिथं काऊग उमटलं, आणि दुखणं कोणतं ते कळलं. मग मोठ्या बाबांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि क्लासमधल्या सरांच्या सुरात सांगायला लागले. टी: डाव्या हाताची तर्जनी, वरच्या ओळीत, जरा उजवीकडे. ए: डावी करंगळी, जागेवरच. आर: तीच तर्जनी, वर, टीच्या शेजारी. पुन्हा आर. आय: उजवं मधलं बोट, वर. आकडे तुझे तू टाक.

दार उघडलं. नऊ वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती.

इथवर ठीक होतं. पण विजयाच्या भरात मोठे बाबा बोलून गेले. "एवढा खटाटोप कायले करता? मी तर पासवर्ड बारा वर्षांपासून मराठीत टाकून राहिलो."

सगळे गप्प. लॉगिनला मराठी? कोणत्या फाइलमध्ये बदललं? कोणत्या टॅबवर खूण केली? कुठंच नाही! त्यांच्या यंत्राला वाटतं साहेब इंग्रजीत टाइप करतात. साहेबांची बोटं मात्र रेमिंग्टनच्या मराठी मांडणीवर 'नागपूर' लिहितात. यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे. कृतीदेव फॉन्ट वापरणाऱ्या कोणालाही विचारा, हीच ती सहा बटणं. (कृतीदेव मुळात हिंदीकडचा. पण १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या गावाला हिंदीचं काय वावडं?) यंत्राला ती अगम्य खिचडी दिसते, चोराला डिक्शनरीत सापडत नाही, आणि मोठे बाबा रोज सकाळी स्वच्छ शुद्ध मराठीत आपल्या गावाचं नाव लिहून आत जातात. पोट्ट्यानं वॉचमनला भाषा शिकवली; यांनी वॉचमनला कळूच दिलं नाही की आपण कोणत्या भाषेत बोलून राहिलो. (तो पासवर्ड आता बदललाय. नवा विदर्भातल्याच दुसऱ्या गावाचा आहे. गावं पुष्कळ आहेत.)

विषय इथंच संपायचा, तर भाची मध्ये पडली. ती कचेरीत इनस्क्रिप्ट शिकली आहे, म्हणजे सरकारमान्य मांडणी. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ठरवली, १९९१ च्या भारतीय मानकात पक्की झाली, बहुतेक भारतीय लिप्यांना एकच. डाव्या हाताला मुख्यतः स्वर, उजव्या हाताला मुख्यतः व्यंजनं. "मोठे बाबा, तुमचं नागपूर चुकीचं आहे," ती म्हणाली, आणि तिनं व्ही-ई-आय-एच-टी-जे दाबून दाखवलं. मोठे बाबा म्हणाले, असलं नागपूर मी आयुष्यात पाहिलं नाही. ती म्हणाली, आजकाल हेच आहे. पोट्टं म्हणालं, इंग्रजीत एन-ए-जी-पी-यू-आर लिहिलं की आपोआप होते, तुम्ही कायले भांडता? दोघंही त्याच्यावर धावून गेले. तासभर एका शहराची तीन स्पेलिंगं त्या खोलीत नांदली. मी निरखून पाहत होतो, तेव्हा एवढंच दिसलं की दोघांचाही शेवटचा र एकाच बटणावर पडतो, जेवर, जिथं उजव्या तर्जनीला चाचपायला छोटा उंचवटा असतो. बाकी पाच अक्षरांवर समेट नाही.

त्या दिवसापासून पोट्ट्याच्या, म्हणजे आता घरात सामाईक झालेल्या यंत्रावर लॉगिनच्या कोपऱ्यात बारीक खूण आली आहे. दाबली की मांडण्या बदलतात: जुनी, ड्वोराक, आणि मोठ्या बाबांच्या हट्टापायी मराठीही, जिचा पासवर्डाला काही उपयोग नाही पण त्यांना दिसली पाहिजे. घरात कोणी विजेचं बिल भरायला बसलं की आधी वरून खालून आवाज येतात, "आता कोणाचा चालू आहे?" पुढच्या पोळ्याला या कोऱ्या कीबोर्डाचा बडग्या, म्हणजे पुतळा, करून मारबतीच्या मिरवणुकीत धाडावा, असा माझा विचार आहे. महागाईचे होतात, पुढाऱ्यांचे होतात, याचा का नको? गळ्यात पाटी पाहिजे फक्त. पाटीवर अक्षरं टाकायची की कोरी ठेवायची, यावर ताई आणि माझं एकमत होत नाहीये.

आणि माझं खातं? हो, मलाही एक उघडून दिलंय, म्हणजे पुन्हा सणाच्या दिवशी बेइज्जती नको. मी भाच्याला विचारलं, तुझ्या त्या फितूर बटणांत इमानदार किती राहिले? तो म्हणाला, ए आणि एम. ड्वोराकमध्ये हलले नाहीत, कोलमॅकमध्येही नाहीत. पोरं यातली कोणतीही मांडणी लावोत, वॉचमन रात्रीतून कोणत्याही पक्षात जावो, ही दोन बटणं जागची ढळत नाहीत.

एम-ए-एम-ए. ताई हसत हसत खाली बसली. भाचा म्हणाला, "मामा, चार अक्षरांचा पासवर्ड कोणी ठेवते काय?"

चारच आहेत असं कोण म्हणालं? एकामागून एक किती वेळा मामा, ते मी तुम्हालाही सांगणार नाही.